सिंह वेशीबाहेर गेला

पेटी रिकामी होती.

सुप्रभाने झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. तरीही रिकामीच. आत हिरवं फडकं होतं आणि त्यात सिंहाच्या जबड्याएवढा खळगा तसाच राहिला होता.

बुधवार, सकाळचे आठ. रविवारी उत्सव.

शिमोहाता ही नागोयापासून दीड तासावरची, डोंगराच्या कुशीतली नऊ घरांची वाडी. सातवं घर सुप्रभाचं, म्हणजे हाचियाबाईंचं, भाड्याने घेतलेलं. नवरा संजीव खालच्या कारखान्यात गाड्यांच्या गिअरचं काही तरी करायचा. काय करायचा ते त्याने तीनदा समजावून सांगितलं होतं, तिला तीनदा कळलं नव्हतं. ती स्वतः पर्सिमॉनच्या फळांच्या पॅकिंगला जायची, नऊ ते एक. जपानी ती तिथल्या बायकांकडून शिकली होती, त्यामुळे तिला शिव्या आधी आल्या आणि व्याकरण नंतर.

दर महिन्याला एका घराकडे गावकी यायची. तिला, आणि ती सांभाळणाऱ्यालाही, तोबान म्हणत. देवळाचं कोठार, कचऱ्याची जाळी, सभाघराचा झाडू, सगळं त्या घराने बघायचं. हे १९९४ साल, आणि ऑक्टोबरची गावकी वाडीच्या इतिहासात पहिल्यांदाच परक्या देशातल्या माणसांकडे आली होती. सभेत वाद झाला होता. शेवटी घरमालकीण हाचियाबाई उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "तिची जबाबदारी माझ्यावर." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईपुढे कोण बोलणार!

कोठारात ठेवलेला तो लाल लाखेचा सिंहमुखवटा दोनशे वर्षांचा होता. उत्सवात माणूस तो डोक्यावर घेऊन नाचायचा आणि वाडीतल्या प्रत्येक मुलाचं डोकं सिंह आपल्या लाकडी जबड्यात धरायचा. सिंह चावला की मूल वर्षभर आजारी पडत नाही. पहिल्या वर्षी सुप्रभाची मुलगी ओवी किंचाळून रडली होती. पण त्या हिवाळ्यात तिला साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती, हेही खरं.

खरं तर कोठार उघडायचं ते शनिवारी, उत्सवाच्या आदल्या दिवशी. पण सुप्रभाला वाटलं, कोळ्याची जाळी असतील, धूळ असेल, आपल्या गावकीत कुणाला बोट ठेवायला जागा नको. म्हणून ती तीन दिवस आधीच फडकं घेऊन आली होती.

कुलूप शाबूत होतं. किल्ली तिच्याच घरातल्या खिळ्यावरून तिने सकाळी स्वतः काढली होती.

तिने दार ओढून घेतलं आणि धावत सुटली.

अर्ध्या तासात सगळी वाडी देवळापाशी जमली. सहाव्या घरचे त्सुगे सर्वांत पुढे. ते कोंबड्या पाळायचे आणि वादात नेहमी विरुद्ध बाजू घ्यायचे.

"कुलूप शाबूत, किल्ली हिच्याकडे," त्सुगे म्हणाले. "अजून काय विचारायचं राहिलंय? पोलिसांना बोलवा."

"त्सुगे, तोंड आवर," हाचियाबाई म्हणाल्या.

"का आवरू? माझ्या हातून एक तारखेला हिच्याकडे पेटी गेली. उघडून दाखवली होती. सिंह होता का नव्हता?"

"होता," सुप्रभा म्हणाली.

"ऐका!"

"पोलीस नकोत."

आवाज रस्त्यावरून आला. पहिल्या घरचे ओगिसो, वाडीचे प्रमुख, देवळाच्या कमानीबाहेर काठी टेकून उभे होते. साठीचे, ताठ, मितभाषी. सिंह नाचवायचा मान त्यांच्या घराचा. इथे ही कमान लाकडाची, तिला दार वगैरे काही नाही. दोन खांब, वर दोन आडवी तुळयांसारखी लाकडं.

"आत या ना, ओगिसो-सान. पेटी बघा तरी," कुणी तरी म्हणालं.

"गुडघा धरलाय. पायऱ्या चढवत नाहीत. रिकामी पेटी काय बघायची?" त्यांनी सुप्रभाकडे पाहिलं नाही. "शनिवारी चार वाजता सभाघरात बसू. तोवर सिंह परत आला नाही, तर सातव्या घराकडची गावकी काढून घ्यायची."

गावकी काढून घेणं म्हणजे नुसता झाडू परत देणं नव्हे. मग त्या घराचा कचरा वाडीच्या जाळीत जात नाही, त्या घराला कुणी हाक मारत नाही, वाटेत भेटलं तर लोक आभाळाकडे बघतात. आणि हाचियाबाईंनी सभेत दिलेला शब्द त्यांच्या अंगावर उलटणार.

"शनिवार का?" त्सुगे उसळले. "आजच का नाही?"

"शनिवार," ओगिसो म्हणाले आणि वळून गेले.

संजीवला तिने कारखान्यात फोन केला.

"हे बघ सुप्रभा, पॅनिक होऊ नकोस," तो म्हणाला. त्याच्या आवाजावरून तोच पॅनिक झाल्याचं कळत होतं. "नागोयात कंपनीचा फ्लॅट रिकामा आहे. मी मॅनेजरशी बोलतो. महिन्याभरात शिफ्ट होऊ."

"चोर म्हणून?"

"चोर कोण म्हणतंय?"

"आठ घरं म्हणतायत. आपण गेलो की खात्रीने म्हणतील. आणि हाचियाबाईंनी कुठे शिफ्ट व्हायचं?"

पलीकडे मशीनचा आवाज. मग तो म्हणाला, "मग काय करणार आहेस?"

"शोधणार आहे."

"तू?"

"नाही, तुझा मॅनेजर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लोक पांगल्यावर ती पुन्हा देवळात गेली. सोमवारी रात्रभर पाऊस पडला होता, त्यानंतर थेंब नाही. कमानीखालची वाट फरसबंद होती, तिथे काही दिसणं शक्यच नव्हतं. पण कमानीच्या डाव्या बाजूला बांध होता आणि बांधावर झुडपांची रांग. तिथल्या दोन फांद्या मोडल्या होत्या. खाली मऊ मातीत पावलं उमटली होती, अंगठा वेगळा असलेल्या शेतातल्या बुटांची. वर जाणारी आणि खाली येणारी.

असे बूट वाडीतल्या प्रत्येक पुरुषाकडे होते. त्याचं तिला काही वाटलं नाही. तिला वाटलं ते दुसरंच. सरळ, मोकळी, फरसबंद वाट दोन हातांवर असताना हा माणूस चिखलातून, काट्यांतून वर का गेला? लपायला म्हणावं, तर बांध रस्त्यावरून कमानीपेक्षा जास्त दिसतो.

कोठारात पेटीमागे तिला एक कागद सापडला. पांढरा, हाती बनवलेला, घडी घालून बोटभर केलेला. मधोमध ओल वाळल्याचा डाग आणि दातांच्या खुणा.

असा कागद तिने पाहिला होता. मागच्या वर्षी उत्सवात पुजाऱ्याने देवाची वस्तू उचलताना तो दातांत धरला होता, आपला श्वास देवाला लागू नये म्हणून.

म्हणजे चोराने सिंह उचलताना सोवळं पाळलं होतं.

विकायला नेणारा माणूस हे करत नाही.

किल्लीचा प्रश्न सोपा होता आणि म्हणूनच अवघड. वाडीत दाराला कुलूप कुणीच लावत नाही. शेजारी दार सरकवून आत येतात, चपलांच्या कपाटावर वस्तू ठेवतात, जातात. मंगळवारी ती कामावरून आली तेव्हा कपाटावर तीन वस्तू होत्या: त्सुगेंची सहा अंडी, हाचियाबाईंच्या मुळ्याच्या लोणच्याचा डबा आणि ओगिसोंनी ठेवलेला उत्सवाच्या कंदिलांच्या कागदांचा गठ्ठा. किल्ली तिथेच, हाताच्या अंतरावर. आणि बुधवारी सकाळी ती जागेवर होती. नेणाऱ्याने परत आणून लावली होती.

तीन वस्तू, तीन माणसं. ती आधी त्सुगेंकडे गेली. ते खुराड्यात वाकून अंडी गोळा करत होते.

"मंगळवारी तुम्ही माझ्याकडे आला होतात?"

"अंडी ठेवली. खाल्लीत ना?"

"खाल्ली. किती वाजता आलात?"

"साडेनऊ."

"किल्ली होती?"

"होती. मी मुद्दाम बघितली. तुम्ही ती नीट ठेवता की नाही ते बघायलाच अंडी आणली होती."

तिला हसू आलं, पण आवरलं. "मग कुठे गेलात?"

"मला विचारताय? चोर मी?"

"तुमचा मेव्हणा नागोयात जुन्या वस्तू विकतो. मंगळवारी तुमची गाडी खाली गेली. पोलीस आले तर हेच विचारतील. त्यापेक्षा मी विचारलेलं काय वाईट?"

त्सुगेंनी एक अंडं उजेडात धरून पाहिलं, टोपलीत ठेवलं. "बाराला स्टेशनवर गेलो. गाडीत अंडी होती. आणि ओगिसोची बायको. बहिणीकडे जाते म्हणाली. मांडीवर हे एवढं गाठोडं. मागे ठेवा म्हटलं, तर ठेवेना. रजई आहे म्हणाली. रजई मांडीवर कोण घेऊन बसतं? दोन्ही हात वर, असं. गुडघे अवघडले असतील बाईचे."

"तुम्ही हे सकाळी का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? प्रमुखाची बायको रजई घेऊन गेली?" ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा आवाज खाली आला. "माझा राग सिंहासाठी आहे. माझ्या मुलाला तो चावला नव्हता, त्या वर्षी आम्ही गावात नव्हतो. मुलगा गेला. योगायोग असेल. पण मला ती पेटी रिकामी बघवत नाही."

सुप्रभाने खाली पडलेलं एक अंडं उचलून टोपलीत ठेवलं आणि निघाली.

गुरुवारी ती ओगिसोंकडे गेली, तेव्हा ते परसात शिडीच्या सहाव्या पायरीवर उभं राहून पर्सिमॉन काढत होते. तिला बघताच भरभर उतरले.

आत चहा त्यांनीच केला. "बायको बहिणीकडे आहे."

"पोलीस नको असं तुम्ही का म्हणालात?"

"पोलीस आले की वर्तमानपत्रवाले येतात."

"मग नऊ घरांची झडती घ्या. माझ्यापासून सुरू करा."

"झडती घेतलेल्या घरात शेजारी पुन्हा चहाला येत नाहीत."

"यंदा सिंहाची तालीम देवळाऐवजी सभाघरात घेतलीत?"

"गुडघा."

"डॉक्टरांना दाखवलात?"

"गेल्या महिन्यात नागोयाला जाऊन आलो. तीन दिवस."

"काय म्हणाले?"

ओगिसोंनी कप फिरवला. "काही करता येण्यासारखं नव्हतं म्हणाले."

ते उत्तर गुडघ्याच्या मानाने फार सावकाश आलं. ते आणखी पाणी आणायला उठले, तेव्हा तिने खोली पाहिली. भिंतीवर वर देवाची फळी होती, प्रत्येक घरात असते तशी, छोटंसं लाकडी देऊळ ठेवलेली. पण या फळीच्या तोंडावर पांढरा कागद चिकटवला होता. खोलीच्या खांबावर कमरेपासून खांद्यापर्यंत एक पट्टा रंध्याने तासलेला होता, बाकी खांब धुराने काळा, तेवढाच फिका. मूल वाढताना घरोघरी खांबावर खुणा करतात, ती जागा. पण ओगिसो जोडप्याला मूल नाही, हे तर तिला पहिल्या महिन्यातच सांगितलं गेलं होतं.

तिच्या बसायच्या उशीच्या कडेखाली काही तरी टोचलं. तिने काढलं. नारिंगी कागदाचा घडी घातलेला करकोचा. चोच वाकडी, पंख जाड. जाड बोटांनी केलेला.

ते परत आले. तिने तो मुठीत दडवला.

"देवाला कागद का लावलाय?"

"भिंतीला रंग द्यायचाय. धूळ बसेल." आणि लगेच, "शनिवारी चारला या."

घरी आल्यावर तिने करकोचा टेबलावर ठेवला. ओवीने उचलला. ती अकरा वर्षांची, आईशी जपानीत बोलायची आणि आई तिला मराठीत उत्तर द्यायची, दोघींचं बरं चालायचं.

"हा कुणासाठी?" ओवीने विचारलं.

"कुणासाठी म्हणजे?"

"एकटा कुणी करत नाही, आई. हजार करतात. कुणी हॉस्पिटलात असलं की. आम्ही वर्गात मियाचि बाईंसाठी केले होते ना! बऱ्या झाल्या त्या."

सुप्रभाने गॅसवरची भाजी तशीच करपू दिली.

शुक्रवारी हाचियाबाई ओसरीत बसून वाळवणासाठी पर्सिमॉन सोलत होत्या. साल एकसंध, लांबलचक, खाली परडीत पडत होती. सुप्रभा शेजारी बसली आणि तिनेही सुरी घेतली. तिची साल तुटत होती.

"एक विचारू? देवाच्या फळीला पांढरा कागद कधी लावतात?"

म्हातारीची सुरी थांबली. "कुणाच्या घरी पाहिलास?"

"ते..."

"नको, सांगू नकोस. मला कळलं तर सभेत मला खोटं बोलता येणार नाही." सुरी पुन्हा चालू झाली. "घरात मरण झालं की लावतात. माझा नवरा गेला तेव्हा मी लावला होता. पन्नास दिवस. मरणाचा वारा देवाला लागू नये म्हणून. तेवढे दिवस नाचगाणं नाही, उत्सव नाही, देवाच्या वस्तूला हात नाही. कमानीखालून जायचं नाही."

"आणि जावंच लागलं तर?"

"तर माणूस बाजूने जातो. तसं जाणंही बरं नाही. पण अडलं की जातो."

सुप्रभाच्या हातातली साल तुटली. साताऱ्याला तिच्या सासूबाई सुतकात दहा दिवस देवघराकडे पाठ करून जेवायच्या. देव्हाऱ्यावर कापड टाकलेलं असायचं. तिला वाटलं होतं, सुतक आपलंच असतं.

"वाडीत सध्या कुणाकडे मरण झालंय?"

"कुणाकडेच नाही," हाचियाबाई म्हणाल्या. मग फळ फिरवत, हळू, "म्हणजे कुणी सांगितलेलं नाही."

शनिवारी चार वाजता सभाघरात नऊ घरांतली माणसं गुडघे मुडपून बसली. सुप्रभा आणि संजीव दारापाशी. संजीव कारखान्यातून तसाच आला होता, टाय सुटलेला. ओगिसो समोर, एकटे. बायको अजून बहिणीकडेच.

"सातव्या घराला काही सांगायचंय?" ओगिसोंनी विचारलं.

"सांगायचंय," ती म्हणाली. "सिंह मंगळवारी गेला. माझ्याकडची किल्ली नेऊन, परत आणून लावून. नेणारा वाडीतलाच. आणि तो चोर नाही."

कुजबुज.

"त्याने सिंह उचलताना दातांत कागद धरला." तिने तो पुढे ठेवला. "विकणारा धरेल? त्याला सिंह परत ठेवायचा होता. कोठार शनिवारपर्यंत कुणी उघडणार नाही हे त्याला माहीत होतं. मी अतिशहाणपणा करून बुधवारी उघडलं. मी जाळी काढायला गेले नसते, तर आज आपल्याला काही कळलंही नसतं."

"कोण?" त्सुगे म्हणाले. "नाव सांगा."

तिने ओगिसोंकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीवर होते, अगदी स्थिर. नाव तिच्या जिभेवर होतं. एक शब्द, की ती सुटली, हाचियाबाई सुटल्या. पण तो शब्द तिने उच्चारला, की या माणसाने जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते परक्या बाईच्या तोंडून आठ घरांना कळणार.

"नाव मी सांगणार नाही," ती म्हणाली. "गावकी माझ्याकडे आहे अजून. तोबान म्हणून माझी एक विनंती आहे. सगळ्यांनी आत्ता देवळात जाऊन नमस्कार करू. सिंह हरवल्याबद्दल देवाची क्षमा मागू. सगळ्यांनी. कमानीखालून."

"एवढंच?" कुणी तरी म्हणालं.

"एवढंच."

नकार द्यायचं कुणाला कारण नव्हतं. सगळे उठले. कमानीशी एकेक जण थांबून, वाकून आत गेला. हाचियाबाई. त्सुगे. बाकीची घरं. संजीवही वाकला, जरा जास्तच. सुप्रभा शेवटून दुसरी गेली आणि आत जाऊन वळली.

ओगिसो बाहेर उभे होते.

"या ना," त्सुगे म्हणाले. "गुडघा बघू नंतर, मी हात देतो."

ओगिसोंनी एक पाऊल उचललं. कमानीखालच्या फरशीच्या कडेपाशी आणलं. आणि मागे घेतलं. काठी त्यांच्या हातातून पडली. ती त्यांनी उचलली नाही, तिची गरजही नव्हती. गुडघा ठणठणीत होता.

"मला येता येत नाही," ते म्हणाले.

त्सुगेंनी पुढे केलेला हात खाली घेतला.

"बुधवारीही तुम्ही इथेच उभे होतात," सुप्रभा म्हणाली. "सगळे आत, तुम्ही बाहेर. गुडघा म्हणालात, पण गुरुवारी शिडीवर होतात. तालीम सभाघरात नेलीत. एक तारखेला पेटी द्यायला त्सुगे-सानना एकटं पाठवलंत. मंगळवारी मात्र सिंह आणायला जावंच लागलं, तेव्हा चिखलातून, बांधावरून गेलात. वाट मोकळी असताना. मला आधी कळेना. मग तुमच्या देवाच्या फळीवरचा कागद पाहिला."

"पन्नास दिवस," हाचियाबाई पुटपुटल्या.

"किल्ली काढताना तुमचा हात थरथरला नसेल. कुलूप उघडताना नसेल. पण कमान तुम्हाला ओलांडता आली नाही. हा करकोचा तुमच्या घरातला. कुणी तरी आजारी आहे. सिंह तिथे गेलाय, रजई म्हणून, तुमच्या पत्नीच्या मांडीवर. एकच मला ठाऊक नाही. कोण गेलं?"

ओगिसोंनी पायाशी पडलेल्या काठीकडे पाहिलं.

"मुलगी," ते म्हणाले.

"तुला मुलगी..." त्सुगे बोलता बोलता थांबले.

"नाही. असं मीच सांगितलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, त्याच सभाघरात. तिने माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं. मी तुम्हा सगळ्यांसमोर म्हणालो, मला मुलगी नाही, पुन्हा कुणी नाव काढायचं नाही. तुम्ही माझं ऐकलंत. कुणीच काढलं नाही." त्यांनी ओठ मिटले, पुन्हा उघडले. "सप्टेंबरात नागोयाच्या हॉस्पिटलातून फोन आला. तीन दिवस होतो. नवरा आधीच सोडून गेलेला. मागे चार वर्षांची पोर. तिच्या काळजाला जन्मापासून भोक. ऑपरेशन या गुरुवारी होतं. ताप आला म्हणून शुक्रवारी केलं."

"कशी आहे?" हे संजीवने विचारलं, मध्येच, न राहवून.

"शुद्धीवर आलीय. सकाळी फोन आला. सिंह पलंगाशी आहे. सोडत नाही. ऑपरेशनच्या आधी माझ्या बायकोने त्याच्या जबड्यात तिचं डोकं दिलं. नर्सने बघितलं नाही असं केलं."

"मग विचारलं का नाहीस आम्हाला?" त्सुगे जवळजवळ ओरडले. "आम्ही नाही म्हणालो असतो?"

"सिंह वेशीबाहेर न्यायचा तर नऊ घरांची संमती लागते. कुणासाठी, ते सभेत उभं राहून सांगावं लागतं. कुणाचं मूल, आई कोण." ओगिसोंनी कमानीकडे पाहिलं. "ते सांगायला मी उभा राहू शकलो नाही."

"आणि मी?" सुप्रभाने विचारलं.

तिला वाटलं होतं, तिला या माणसाची दयाच येईल. दया आली होती. पण राग गेला नव्हता.

"चार दिवस माझ्या घरात कुणी भाजी ठेवली नाही. माझ्या मुलीला शाळेच्या वाटेवर कुणी हाक मारली नाही. हाचियाबाईंनी तीन दिवस सोललेली फळं शेजारी नेऊन दिली नाहीत, कारण घेणारं कुणी नव्हतं. तुम्ही समोर बसून मला विचारलंत, काही सांगायचंय का. सांगायचं तुम्हाला होतं."

ओगिसो रस्त्यावर गुडघे टेकून बसले. मग वाकले, कपाळ जमिनीला लागेपर्यंत. कुणी त्यांना उठा म्हणालं नाही. सुप्रभाही नाही.

हाचियाबाई म्हणाल्या, "संमती अजून घेता येईल. सिंह अजून बाहेरच आहे."

"उशिरा?" कुणी तरी म्हणालं.

"उशिरा. विचारायचं काम तोबानचं."

सगळे सुप्रभाकडे वळले. तिला क्षणभर कळलंच नाही, आपल्याकडे का बघतायत. मग कळलं. तिने खिशातली, तोबानकडे महिनाभर असणारी गावकीची वही काढली. कमानीच्या आतून, देवाच्या बाजूने, तिने एकेका घराला विचारलं. दुसरं घर हो म्हणालं. तिसरं हो. चौथ्या घरची सून आधी रडली, मग हो म्हणाली. पाचवं हो. सहावं आलं.

"त्सुगे-सान?"

"हो," त्सुगे म्हणाले. "आणि आणायला माझी गाडी. उद्या सकाळी सहाला निघू, दहापर्यंत परत. सिंह सुतकवाल्याने उचलायचा नाही. तोबान बसेल शेजारी." मग तिच्याकडे न बघता, "रजई मांडीवर घेता येते का तुम्हाला?"

"नाचवणार कोण?" तिने विचारलं.

"ओगिसो शिकवेल. बाहेर उभा राहून. मी तर उभ्या जन्मात नाचलो नाही, बघू."

आठवं घर हो. नववं, हाचियाबाईंचं स्वतःचं, हो. पहिल्या घरालाही विचारायचं होतं. ओगिसोंनी मान वर न करता हो म्हटलं.

राहिलं सातवं.

संजीव हळूच मराठीत म्हणाला, "घाई नको करूस. तुला वाटेल ते सांग."

तिने पेन धरलं. वहीत रकाने होते. कुणासाठी, वय, आईबाप. आधीची पानं दोनशे वर्षांची नव्हती, पण पन्नासची नक्की होती. कुणाच्या आजीची कावीळ, कुणाच्या लेकराचा गोवर.

"पोरीचं नाव?" तिने विचारलं.

"मिचिरु."

"वय चार. आईचं नाव?"

ओगिसो उठून बसले. कपाळाला माती लागली होती.

"साएको," ते म्हणाले.

अकरा वर्षांनी ते नाव त्या वाटेवर कुणी उच्चारलं होतं. हाचियाबाईंनी डोळे मिटले.

"आडनाव?"

लग्नानंतरचं आडनाव त्यांना ठाऊक असणारच, हॉस्पिटलच्या कागदांवर त्यांनी ते पाहिलं असणार. सुप्रभा थांबली. आठ घरं थांबली.

"ओगिसो," ते म्हणाले. "ओगिसो साएको. पहिलं घर."

सुप्रभाने लिहिलं, तसंच, त्यांनी सांगितलं त्या क्रमाने. मग शेवटच्या रकान्यात सातव्या घरापुढे तिने खूण केली.

"सातव्या घराची संमती आहे," ती मोठ्याने म्हणाली, बाहेर ऐकू जाईल अशी. "नऊ झाली."